अड्याळात फुटलेली बातमी

कंपनीत लागण्याआधी भंडाऱ्याच्या बाजारात एका छापखान्याच्या ओट्यावर माझं टेबल होतं. त्यावर मी रेडिओ दुरुस्त करायचो. वडील चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली कामाला होते. मी खाणीच्या वसाहतीत वाढलो, आयटीआयला रेडिओचं काम शिकलो आणि पोटापाण्यासाठी भंडाऱ्याला आलो. बाजारात चार-पाच ठिकाणी जागा विचारली. जागा रिकामी दिसायची, पण मी आडनाव सांगितलं की ती कालच कोणाला तरी देऊन झालेली असायची. छापखान्याच्या मालकांनी आडनाव विचारलंच नाही. ते आत गेले, आपला मुका झालेला ट्रान्झिस्टर घेऊन आले, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हा बोलला तर ओटा तुझा."

अर्ध्या तासात तो बोलला.

त्यांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनं छपाईयंत्र घेतलं होतं आणि त्यावर चार पानांचं साप्ताहिक काढायचे. ते दर गुरुवारी निघायचं. बातम्या तेच लिहायचे, तपासायचेही तेच. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, अंकांच्या घड्या घालायच्या आणि खळ लावून पत्ते चिकटवायच्या. गुरुजींचा एक नियम होता: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छापायचं नाही. वैनगंगेला पूर आला आणि अमक्या गावचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, वाहून गेला असं कोणी सांगितलं, तर ते सायकल काढून तो रपटा बघायला जायचे. एकदा गेले तर रपटा जागेवर होता आणि बातमी सांगणाराच त्यावर बसून मासे पकडत होता. ही गोष्ट ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

पुढे नागपूरहून टीव्ही दिसायला लागला आणि भंडाऱ्यातल्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या छपरांवर अँटेना उगवले. टीव्ही बनवणाऱ्या एका कंपनीला जिल्ह्यासाठी मेकॅनिक हवा होता. गुरुजींनी माझ्यासाठी अर्ज लिहून दिला आणि मला नोकरी लागली. फोटो लावलेलं ओळखपत्र मिळालं. ते घेऊन मी चिखल्याला गेलो तर वडिलांनी ते वसाहतीत घरोघरी दाखवलं. शेवटी आई म्हणाली, "आता आणा ते परत. त्याले कामावर जावं लागते ना."

माझे साहेब नागपूरच्या ऑफिसात बसायचे. पुण्याकडचे, चाळिशीचे, अतिशय नेटके. मनाने चांगला माणूस. भंडाऱ्याला आले की हौसेने तर्रीपोहे मागवायचे, दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून पाणी काढायचे आणि तरी प्लेट संपवायचे. गुरुजींच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर अर्धं पान आमच्या कंपनीची जाहिरात असायची. शिवाय छापखान्याच्या पुढच्या खोलीत, जिथे गुरुजींचं छोटं वाचनालय होतं, तिथे कंपनीने एक टीव्ही ठेवला होता. प्रचाराचा प्रचार आणि लोकांची सोय. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की गल्लीतल्या बाया तिथे जमायच्या आणि काकू त्यांच्यासाठी सतरंजी टाकायच्या.

त्या उन्हाळ्यात साहेब जीपमधून एक खोकं घेऊन आले. आत नव्या पद्धतीचा छोटा टीव्ही होता. अँटेनाजवळच एक डबी बसवायची, ती दुरून येणारं क्षीण चित्र मोठं करून पाठवायची. आणि वीज गेली तर तो गाडीच्या बॅटरीवरही चालायचा. नागपूरपासून दूरच्या, विजेचा भरवसा नसलेल्या गावांसाठी कंपनीने तो बनवला होता. बाजारात आणण्याआधी अशा एखाद्या गावात चालवून बघायचा होता. साहेबांनी अड्याळ निवडलं. तिथल्या एका धानकरी शेतकऱ्याकडे ट्रॅक्टर होता, म्हणजे बॅटरी होती. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. टीव्ही बाजारात आला की तुम्हाला अर्ध्या किमतीत देऊ, असं साहेबांनी त्यांना कबूल केलं.

निघताना साहेबांनी टीव्हीवरच्या कंपनीच्या नावावर काळी पट्टी चिकटवली. "हे गुप्त आहे," ते मला म्हणाले. "आपल्या दुकानदारांनासुद्धा कळता कामा नये. दिवाळीला काढायचाय. किंमत जुन्या सेटपेक्षा बरीच कमी असेल. हे फक्त तुम्हाला सांगतोय."

मला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटलं.

अड्याळला मी दोन लांब बांबू एकमेकांना बांधले, टोकाला अँटेना लावला आणि छपरावर चढून तो फिरवायला लागलो. खाली वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, टीव्हीसमोर उभ्या. त्या सांगायच्या, दारातला माणूस अंगणात सांगायचा, अंगणातला मला ओरडून सांगायचा.

"आलं का?"

"नाई आलं! मुंग्या हायेत!"

"आता?"

"थांबा! थांबा! आलं... गेलं! मांगं घ्या!"

तासाभराने चित्र थांबलं. मी घामाघूम होऊन खाली उतरलो, हे गुप्त आहे, कोणाला सांगू नका, असं घरच्यांना बजावणार होतो. पण अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं गाव येऊन बसलं होतं. झाडावर माणसं, भिंतीवर माणसं. पडद्यावर शेतीचा कार्यक्रम चालू होता आणि कोट घातलेला एक गृहस्थ द्राक्षांच्या वेलींविषयी सांगत होता. भाऊंचे म्हातारे वडील थोडा वेळ लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "इथं धानाले पाणी नाई, अन् हा अंगूर लावायले सांगून राहिला."

तरी ते रोज सगळ्यात पुढे बसायचे.

मी एक दिवसाआड अड्याळला जायचो आणि वहीत टिपून ठेवायचो. चित्र चांगलं. आवाज स्वच्छ. गावातली धानाची गिरणी सुरू झाली की चित्र आकसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संध्याकाळी टीव्ही बॅटरीवर चालवला की सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. एकदा आठ-दहा जणांनी ढकलून तो सुरू केला. ढकलणारे तेच होते जे आदल्या संध्याकाळी टीव्ही बघायला बसले होते, त्यामुळे कोणी कुरकुर केली नाही.

एका मंगळवारी परत येताना छापखान्यात थांबलो. गुरुजी पानं तपासत बसले होते. काकूंनी चहा दिला आणि मी बोलायला लागलो. बांबू, मुंग्या, अंगूर, ट्रॅक्टर, सगळं सांगितलं. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या भरात किंमत आणि दिवाळीही सांगून टाकली. छापू नका, असं मी म्हणालो नाही. विसरलो, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मी छपरावर चढून अड्याळात चित्र आणलं हे कुठेतरी लिहिलं जावं, असं मला वाटत होतं.

गुरुजी दुसऱ्याच दिवशी एसटीने अड्याळला जाऊन आले. गुरुवारी पहिल्या पानावर बातमी होती: धानाच्या गावात बॅटरीवरचा टीव्ही. फार सुंदर लिहिली होती. चित्र किती स्पष्ट दिसतं, गिरणीने ते कसं आकसतं, ट्रॅक्टर कसा ढकलावा लागतो, सगळं त्यात होतं. माझं नाव नव्हतं. 'एक तरुण कारागीर' एवढंच होतं. तेवढ्यानेही मी तो अंक चारदा वाचला. पाचव्यांदा वाचताना शेवटची दोन वाक्यं नीट लक्षात आली. 'हा टीव्ही दिवाळीच्या सुमारास बाजारात येईल, असे कळते. त्याची किंमत सध्याच्या टीव्हीपेक्षा बरीच कमी असेल, असे समजते.' बाकी सगळं अड्याळात कोणालाही दिसलं असतं. ही दोन वाक्यं मात्र दिसण्यातली नव्हती.

पंधरा दिवसांत परिणाम दिसला. भंडाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं, जुना टीव्ही बघायचं आणि म्हणायचं, "दिवाळीपावत थांबतो ना जी. कमी किमतीचा येऊन राहिला म्हणते." नागपूरच्या एका दैनिकाने बातमी उचलली. दुसऱ्या एका कंपनीने घाईघाईने आपल्या सेटची किंमत उतरवली. दुकानदार साहेबांच्या नावाने बोटं मोडायला लागले, आणि साहेबांना वरून बोलावणं आलं. कंपनीचं नुकसान झालं होतं, हे खरंच होतं.

साहेब भंडाऱ्याला आले ते पोहे न खाता सरळ छापखान्यात. मला सोबत घेतलं. गुरुजींनी खुर्ची पुढे केली. साहेब बसले नाहीत.

"किंमत आणि दिवाळीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बातमी माझी आहे," गुरुजी म्हणाले. "जे विचारायचं ते मले विचारा."

"तेच विचारतोय. कोणी सांगितलं?"

"ते सांगणार नाही."

"आम्ही तुम्हाला जाहिरात देतो, गुरुजी. टीव्ही दिलाय. आणि तुम्ही आमचीच वस्तू बाजारात यायच्या आधी..."

"साहेब, दीडशे माणूस अंगणात बसून पाहून राहिला होता. त्याले गुप्त कसं म्हणावं?"

"किंमत अंगणातून दिसत नव्हती."

गुरुजी माझ्याकडे पाहतील म्हणून मी जमिनीकडे पाहत होतो. त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ते नुसते उभे राहिले, वर्गात मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर मास्तर उभे राहतात तसे, न रागावता.

आठवड्याने पत्र आलं. कंपनीने गुरुजींची जाहिरात बंद केली होती. जिल्ह्यातल्या आमच्या कोणत्याही दुकानदाराने त्या साप्ताहिकाला जाहिरात देऊ नये, असं सगळ्यांना कळवलं होतं. नव्या टीव्हीच्या समारंभाला गुरुजींना बोलावणं नव्हतं. आणि वाचनालयातला टीव्ही परत घ्यायचा होता. पत्र नेऊन द्यायचं आणि टीव्ही काढून आणायचा, ही दोन्ही कामं माझी होती.

मी दुपारी गेलो, बाया नसतील अशा वेळी. गुरुजींनी पत्र वाचलं, घडी घातली, चष्म्याच्या घरात ठेवलं. मी छपरावर चढून अँटेना उतरवला. खाली आलो तर काकू टीव्हीवरचा विणलेला रुमाल काढून घडी करत होत्या.

"वायर नीट गुंडाळ," त्या म्हणाल्या. "अन् चहा घेतल्याबिगर जाऊ नको."

"काकू, मीच..."

"माहीत हाय मले. मी नव्हती का बसली तवा? घे, पोहे बी हायेत."

काकू समोर बसून होत्या, म्हणून सगळे पोहे खाल्ले.

मी तेवढ्यावर गप्प बसलोही असतो. नोकरी होती, ओळखपत्र होतं, चिखल्याला वडील अजून त्याविषयी बोलत होते. पण साहेबांनी ठरवलं की किंमत अड्याळच्या भाऊंनीच फोडली असणार, कारण सौदा करताना ती त्यांच्या कानावर गेली असेल. मला हुकूम झाला: अड्याळचा टीव्ही उचलून आणा आणि अर्ध्या किमतीचं विसरा म्हणून सांगा.

भाऊ खळ्यात होते. मी साहेबांचा निरोप सांगितला. वहिनी दारातून म्हणाल्या, "आमी कोणाले सांगतलं जी? लोकं सोताच आले. आमी का दार लावून घेणार होतो?"

म्हाताऱ्यांनी विचारलं, "कायले नेऊन राहिला रे बाबू? बिघडला का?"

"हो, बिघडला," मी म्हणालो.

खोकं डोक्यावर घेऊन एसटी थांब्यापर्यंत आलो. भाऊ मागून आले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी खोकं वर चढवायला हात लावला आणि म्हणाले, "चाला, सकाळी ट्रॅक्टर तरी चालू होईन." ते हसायचा प्रयत्न करत होते. मला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला गेलो आणि साहेबांना सांगितलं की किंमत आणि महिना गुरुजींना मी सांगितला, भाऊंना त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

साहेबांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"काहून, साहेब?"

"कारण आता मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं. हत्यारांची पिशवीही ठेवली. ओळखपत्र त्यांनी खणात टाकलं आणि पिशवी माझ्याकडे परत सरकवली. "ही असू द्या. आमच्या दुसऱ्या मेकॅनिकला बांबूवर चढता येत नाही." मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली. "अड्याळचा शब्द मी पाळीन. गुरुजींचं मात्र माझ्या हातात नाही. ते वरून आलंय."

भंडाऱ्याला उतरलो आणि छापखान्यासमोर येऊन उभा राहिलो. गुरुजी आत होते. बाहेर आले, पिशवी पाहिली, ओळखपत्राचा रिकामा खिसा पाहिला. "टेबल मागच्या खोलीत आहे," म्हणाले. "एक पाय हालतो त्याचा. खाली कागद लाव." वडिलांना सांगायला मी दोन महिने घेतले. ऐकल्यावर ते म्हणाले, "खरं बोलून गेली ना? मंग जाऊ दे." पण नंतर आईने सांगितलं की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

साप्ताहिकाची त्या पावसाळ्यात चारऐवजी दोनच पानं निघायची. काकू म्हणायच्या, घड्या घालायचं काम कमी झालं. दिवाळी अंक निघेल की नाही, शंका होती. मग एका सकाळी आमच्याच कंपनीचे सगळ्यात मोठे दुकानदार मागच्या दाराने छापखान्यात आले. कंपनीने बंदी घातली होती, नाव छापलं तर एजन्सी जायची. त्यांनी कागदावर लिहून दिलं: 'वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. एक हितचिंतक.' दुसऱ्या दिवशी तुमसर रोडवरचे दुकानदार आले. त्यांचाही एक हितचिंतक. भांड्यांच्या दुकानदारांवर कसली बंदी नव्हती, त्यांनी उगाच गंमत म्हणून तेच छापायला सांगितलं. त्या वर्षीच्या दिवाळी अंकात सलग तीन पानं एक हितचिंतक, एक हितचिंतक, एक हितचिंतक. कोणता कोण हे गावात लहान पोरही सांगू शकलं असतं.

नवा टीव्ही आला. समारंभाला नागपूरचे पत्रकार होते, गुरुजी नव्हते. ते दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, गिऱ्हाईकासारखे बाकावर बसून दोन तास टीव्ही पाहिला आणि बातमी लिहिली. यंत्र उत्तम आहे, किंमत रास्त आहे, ट्रॅक्टरची बॅटरी मात्र वापरू नये, वेगळी घ्यावी. दुकानदारांनी ते कात्रण काचेवर चिकटवलं. साहेब आले तेव्हा त्यांनी ते उभ्याने वाचलं आणि काढायला सांगितलं नाही. जाहिरात परत यायला त्यानंतर दोन वर्षं लागली. ती आली तेव्हा गुरुजींनी शेवटच्या पानावर आधीच्याच जागी लावली.

साहेबांनी अड्याळचा शब्द पाळला. भाऊंना टीव्ही अर्ध्या किमतीत मिळाला. अँटेना बसवायला त्यांनी मलाच बोलावलं. गुरुजी म्हणाले, मीही येतो. ते अंगणात खाटेवर बसले आणि मधल्या माणसाचं काम केलं. "आलं!" म्हणून ओरडताना त्यांचा मास्तरी आवाज मारुतीच्या देवळापर्यंत गेला असेल.

परतीच्या एसटीत आम्ही मागच्या बाकावर होतो. पवनीकडून आलेली गाडी, बाजाराची टोपली, कोंबड्या. गुरुजी म्हणाले, "तुले एक सांगायचं होतं. ती दोन वाक्यं मी छापायले नको होती."

"मी सांगितली म्हणून छापली ना, गुरुजी."

"तू चहा पिताना सांगितलीस. मी पाहिली नव्हती. माझा नियम मीच मोडला. बातमी पूर्ण वाटत नव्हती त्यांच्याशिवाय. लिहून झाल्यावर तुझा चेहरा आठवला होता मले, खरं सांगतो. तरी ठेवली."

जन्मात पहिल्यांदा कोणी थोर माणूस माझ्यासमोर चूक कबूल करत होता, तीही अशी, जिची सुरुवात मी केली होती. मी म्हणालो, "गुरुजी, मलेही ती छापून यायले हवी होती."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसायला लागले. शेजारची कोंबडीवाली बाई आमच्याकडे बघायला लागली. कंडक्टर तिकिटाला आला तर गुरुजींनी दोघांची तिकिटं काढली, मी खिशात हात घातला तरी. भंडाऱ्याला उतरल्यावर म्हणाले, "घरी चल. काकू वाट पाहत असतील, त्यांना सांगावं लागेल चित्र कसं आलं ते."